धड्यातला एकोणतीसचा पाढा

नव्वदच्या दशकात मी साताऱ्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. माझे धडे फ्लॉपीवर असायचे. आधी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी स्पष्टीकरण, लगेच खाली प्रोग्रॅम. वाचायचं आणि तिथंच चालवून बघायचं.

कोरेगावहून येणारे एक निवृत्त सुभेदार माझे सगळ्यात थोरले विद्यार्थी. एकदा ते म्हणाले, “आवं मॅडम, वर लिवलंय एकोणतीसचा पाढा, आन् मशीन एकोणीसचा म्हणतंय!”

चूक माझीच होती. मी ओशाळले.

“तुमी नुसतं लिवलं, चालवून बघितलं न्हाई,” ते हसत म्हणाले.

तेव्हापासून प्रत्येक नवा धडा मी आधी त्यांनाच द्यायला लागले. चूक सापडली की ते अख्ख्या वर्गाला बोलावून दाखवायचे, आणि सगळ्यांत जास्त मीच हसायचे.