उतारावर बघितलेलं गिअर ऑइल

आज जावयांनी अंगणात गाडीचं गिअर ऑइल बदलायला घेतलं, आणि तो गंधकासारखा उग्र वास नाकात शिरला. जव्हारला आमचं पहिलं घर उतारावर होतं बघा. एका दुपारी मोखाड्याहून भावाचा फोन आला, आईचं काही खरं नाही, लगेच ये. आमचे हे शिक्षक, प्रत्येक गोष्ट तपासून करणारे. उतारावरच्या गाडीखाली शिरले, बोल्ट काढून गिअरबॉक्सच्या भोकात बोट घातलं. म्हणाले, "तेल बोटाला लागतंय. चल."

घाटात गिअर अडकला. एका जीपवाल्याने मेकॅनिक पाठवला, तोवर दोन तास गेले. तेल बघूनच निघाल्याचं यांनी सांगितलं, तसा मेकॅनिक हसला, "गुरुजी, उतारावर बघितलं काय? तेल एका अंगाला जमतं, भरलेलं वाटतं. सपाटीवर बघायचं असतं." त्याने गिअर सोडवला, तेल भरलं, आणि आम्ही निघालो.

पोचलो तेव्हा आईला शेवटच्या आंघोळीसाठी अंगणात घेतलं होतं. भाऊ म्हणाला, "ताई, शेवटी तुझंच नाव घेत होती गं."

मी म्हटलं, "बरं. चहा घेतलात का कुणी?"

जमलेल्या बायका म्हणाल्या, किती खंबीर! मलाही ते खरं वाटलं. आता कळतं, आत काही हललंच नव्हतं. यांना मी कधी बोल लावला नाही, आणि आईसाठी अजून रडलेही नाही.