थिएटरातले गाऱ्हाणे

"थोरले काका गेले," एवढेच सुहास फोनवर म्हणाला. सुहास हा जयरामदादांचा पुतण्या. जयरामदादा माझे चुलत भाऊ. सकाळी उठून त्यांनी चहा मागितला, चहा येईपर्यंत डोळे मिटून बसले आणि मग ते डोळे उघडले नाहीत... वय झाले होते, आजार जुना होता. धक्का बसावा असे त्यात काही नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या स्थानिक आवृत्तीत छोटी बातमी आली. तीत त्यांची ओळख 'ग्रामदेवतेचे मानकरी' अशी दिली होती. ती बरोबर होती, पण अपुरी. अपुरी का, हे सांगायचे तर एका तेलुगू मारधाडपटाबद्दल लिहावे लागेल.

सिंधुदुर्गात देवळातले कोणतेही कार्य गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. मानकरी देवापुढे उभा राहून गावाच्या वतीने बोलतो. गावाला काय हवे, काय नको, कोणाचे काय चुकले असेल ते कसे पोटात घालावे, हे सगळे तो देवाला सांगतो. त्याचे एक म्हणणे पुरे झाले की जमलेले लोक एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात आणि मगच पुढचे म्हणणे सुरू होते. आमच्या गावात हा मान जयरामदादांच्या घराण्याकडे. एरवी ते भात आणि काजू करणारे, बेताचेच बोलणारे गृहस्थ. पण गाऱ्हाण्याला उभे राहिले की देवळाबाहेर मोटारसायकल लावणाऱ्यालाही शब्द न् शब्द ऐकू यायचा. कोणी माईक पुढे केला तर म्हणायचे, "देव बहिरो नाय रे, आणि मी पण मुको नाय."

काही वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सुधारले. वाचा मात्र पूर्वीसारखी झाली नाही. शब्द बोबडे येत नव्हते. ते मध्येच अडकायचे. वाक्य अर्ध्यावर थांबायचे, ओठ हलत राहायचे, समोरचा माणूस अवघडून जायचा आणि तोच त्यांच्या वतीने वाक्य पुरे करायचा. बहुधा चुकीचे. त्या वर्षीच्या जत्रेत गाऱ्हाणे सुहासने घातले. चांगले घातले. दादा मागे खांबाला टेकून उभे होते; प्रसाद वाटायच्या आधीच घरी निघून गेले. त्यानंतर त्यांनी देऊळ सोडले, मग बाजार सोडला, आणि काही महिन्यांत घरातही हो-नाही मानेने सांगू लागले.

एकच गोष्ट चालू राहिली. दुपारी जेवण झाल्यावर टीव्हीवर लागणारे दाक्षिणात्य मारधाडपट ते पूर्वीपासून बघत. हिंदीत डब केलेले हे सिनेमे त्यांना का आवडतात, असे मी एकदा विचारले होते. त्यांचे उत्तर असे : "हिरो तोंड उघडता आणि अख्खो गाव गप रवता. मारामारी काय, ती कोणय करीत." झटक्यानंतरही ते सिनेमे बघत, पण आवाज पूर्ण बंद करून. सुमनवहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, हे मला स्वयंपाकघरात हलक्या आवाजात सांगितले. घरात दोन माणसे, आणि दोन्हीकडून शब्द नाही, अशी त्यांची दुपार जात होती. "असा चाल्ला तर ते बोलाचेच विसरतले," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनी ठरवून ठेवलेली गोष्ट सांगितली. हायवेवरच्या बाजारगावात, जुन्या एकपडदा थिएटरला, एक मोठा तेलुगू सिनेमा लागला होता. तिथे दादांना न्यायचे.

"थंय बरे बसतले ते?" असे मी विचारल्यावर वहिनी म्हणाल्या, "घरात रिमोट तेंच्या हातात. थेटरात कोणाच्या हातात आसा?"

मे महिना होता. आम्ही तिघे गेलो. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी थिएटर भरले होते. पत्र्याचे छप्पर, लाकडी खुर्च्या, भिंतीवरचे पंखे. दादांना कडेची खुर्ची दिली. हिरोच्या पहिल्या दर्शनाला लोकांनी कागदाचे कपटे उधळले, शिट्ट्या वाजवल्या. आवाज इतका होता की खुर्चीची फळी थरथरत होती. दादांनी सुरुवातीला मान खाली घातली, मग वर केली. हिरोच्या एका ठोशात पाच-सहा जण हवेत गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ह्ये असले कसले हलके गडी? आमचो रेडो तरी पडाक वेळ लायता." दादा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, असे वहिनींनी नंतर सांगितले.

शेवटाकडे कथा अशा ठिकाणी आली की गावाने हाकलून दिलेला हिरो साखळदंडात गावापुढे उभा आहे आणि आता बोलणार आहे. सगळे थिएटर शांत झाले. हिरोने तोंड उघडले आणि आवाज गेला. चित्र चालू होते. हिरोचे ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हते. क्षणभराने आरडाओरडा सुरू झाला. ऑपरेटरने चित्रही थांबवले. अंधारात शिट्ट्या, खुर्च्यांवर थापा, "पैशे परत दिया" अशा आरोळ्या. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "अरे, कोण तरी देवाक गाऱ्हाणा घाला रे!" हशा पिकला.

कडेच्या खुर्चीवरून दादा उठले.

"बसा हो," म्हणत वहिनींनी त्यांचा सदरा धरला. तो त्यांनी सोडवून घेतला. "बा देवा म्हाराजा," ते म्हणाले. आवाज तोच होता, देवळाबाहेर पोचणारा. अंधारात सगळ्यांच्या माना वळल्या. "आज ही तुझी लेकरां..." आणि ते अडकले. पुढचा शब्द येईना. वहिनींनी डोळे मिटून घेतले. त्याच वेळी सगळे थिएटर गरजले : "व्हय म्हाराजा!"

लोकांना वाटले होते, म्हणणे पुरे झाले.

दादांनी मान वळवून अंधारात पाहिले. मग त्यांनी शब्द शोधला. "घरची कामां टाकून..." पुन्हा थांबा, पुन्हा "व्हय म्हाराजा!" "हंय जमली हत." "व्हय म्हाराजा!" "ह्या मशिनीक कोणाची नजर लागली असात, ती..." या जागी ते फार वेळ अडले. लोकांचा होकार येऊन गेला तरी शब्द आला नाही. दुसऱ्यांदा होकार आला. मागून कोणी म्हणाले, "व्हय तर व्हय म्हाराजा!" आणि सगळे हसले. पण वाट बघत राहिले. "दूर कर," दादा म्हणाले. या वेळच्या होकारात वहिनींचाही आवाज होता. "पिक्चर पुरो दाखव आणि... सगळ्यांका सुखरूप... घराक पोचव." ते खाली बसले तेव्हा सदरा घामाने भिजला होता.

आवाज थोड्या वेळाने परत आला. ऑपरेटरने कुठलीशी वायर बदलली होती. बाहेर पडताना एक अनोळखी माणूस म्हणाला, "काका, उद्या पण येवा. उद्या लाइट जातली." त्याला दादांचे अडखळणे कळलेच नव्हते. परतीच्या रिक्षात दादा वहिनींकडे वळले. मग म्हणाले, "तेंका वाटला... वाक्य संपला." आणि घर जवळ आल्यावर, "ल्हान... वाक्यां करूक होयी."

पुढच्या जत्रेला गाऱ्हाणे मी घालतो, असे त्यांनी सुहासला सांगितले. सुहास लगेच बाजूला झाला. विरोध केला तो भिकाजीतात्यांनी. गावातले ते सर्वांत ज्येष्ठ मानकरी, आणि त्यांचा मुद्दा दुखावण्याचा नव्हता, श्रद्धेचा होता. "जयराम, गाऱ्हाणा मधीच तुटला तर देवाक काय पोचतला? गावाचा काम आसा ह्या." यावर दादांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, "तात्यानू, तुमी... व्हय म्हणा. तुटाचा नाय."

जत्रेच्या रात्री देवळात कोणी कुजबुजले नाही. पहिल्या अडखळण्याला क्षणभर शांतता झाली, तेव्हा पहिला होकार सुमनवहिनींचा आला, बायकांच्या बाजूने. रीतीप्रमाणे तो पुरुषांकडून यायचा. दुसरा सगळ्यांचा आला आणि त्यात तात्याही होते. गाऱ्हाणे नेहमीपेक्षा खूप लांबले. कुठेही तुटले नाही.

त्यानंतर मरेपर्यंत गाऱ्हाणे दादांनीच घातले. घरीही ते बोलू लागले, अडत अडत. टीव्हीचा आवाज इतका मोठा ठेवू लागले की शेजारी तक्रार करत. डॉक्टरांच्या मते त्यांच्या वाचेत फार फरक पडला नव्हता. फरक ऐकणाऱ्यांत पडला होता... त्यांची वाक्ये आता कोणी पुरी करत नसे.

सुतक फिटल्यावर, गेल्या आठवड्यात, देवळात एक छोटे कार्य होते. गाऱ्हाण्याला सुहास उभा राहिला. त्याचे बोलणे सरळ, न अडणारे. "ह्या गावातल्या लेकरांबाळांक," असे म्हणून तो पुढे जाणार, तोच लोकांनी होकार दिला, "व्हय म्हाराजा." म्हणणे पुरे झाले नव्हते. इतक्या वर्षांत दादा त्या शब्दावर थांबत आले होते आणि लोक तिथे उत्तर देत आले होते. सुहासने वळून पाहिले. कोणाच्याही चेहऱ्यावर चूक झाल्याचे चिन्ह नव्हते. पुढचे शब्द त्याने तोंडातच थोडा वेळ धरून ठेवले, आणि मग एकटेच, वेगळे म्हटले : "सुखी ठेव."