सोनामावशीची वीत

सोनामावशीला मी पहिल्यांदा पाहिलं ते पेठच्या आठवडे बाजारात. समोर सुका बोंबील ठेवून ती पंजा ताणून बसली होती. अंगठा शेपटीला, करंगळी डोक्याकडे. वीत भरली तर बोंबील विकायला गोणपाटावर, नाही भरली तर परत टोपलीत. टोपलीची मालकीण दमूबेन शेजारी उभी. ती गुजरातच्या किनाऱ्यावरून दोन गाड्या बदलून, घाट चढून मासळी आणायची. दोघींचं भांडण चाललंय असं समजून मी मध्यस्थीला वाकलो.

"सायेब, बाजूला सरका," मावशी म्हणाली. "उजेड अडतो."

मी तेव्हा गंगापूर रोडवरच्या एका संस्थेत किनारा संवर्धनाचे अहवाल लिहीत असे. नाशिकहून समुद्र किती लांब आहे ते विचारू नका. माझ्या अहवालांपासूनही तो तेवढाच लांब होता. 'आंतरराज्य सहकार्य' हे शब्द एका पानात पाच वेळा बसवण्यात मात्र माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

बारके बोंबील परत का पाठवता, असं मी विचारलं तेव्हा मावशीने माझी कीवच केली. "मी घेतलं तं होडीवाला उद्या आनिक पिल्लंच धरंल. ही दमू माघारी नेऊन त्याच्या पुढ्यात वतते. चार डाव शिव्या देतो, मंग जाळ्याची भोकं मोठी करतो."

समोरच्या पालात बारके बोंबील स्वस्तात मिळत, त्यामुळे गिऱ्हाईक तिकडे. मावशी कित्येकदा अर्धं गोणपाट रिकामं घेऊन बसे. दुकान बंद कर म्हणून लेक मागे लागलेला. ती म्हणायची, "धंदा बसला तं बसला. पर मीच घ्याया लागले तं दमू कुनाच्या नावानं माघारी नेईल?"

पुढे आमच्या संस्थेने दोन्ही राज्यांतल्या लोकांची परिषद भरवली. या दोघींना 'स्थानिक प्रतिनिधी' म्हणून मीच बोलावलं. जेवणही मीच ठरवलं होतं, दर ताटात एक अख्खं पापलेट. बशीत शोभून दिसावीत म्हणून तळहाताएवढी निवडून घेतली होती. सकाळी मी मासळीची पिल्लं वाचवण्यावर तासभर बोललो, आणि दुपारी तीच वाढली.

मावशीने ताटाशेजारी पंजा पसरला. दमूबेननेही पसरला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"सायेब," मावशी शक्य तितक्या हळू म्हणाली, म्हणजे सगळ्या दालनाला ऐकू गेलं, "ह्याचं अजून बारसं नाय झालं."

मी माझं पापलेट पोळीखाली झाकलं. पाहुणे उठल्यावर खाल्लं. चांगलं होतं, हेही सांगून टाकतो.

त्यानंतर मी दर महिन्याला बाजाराला जाऊ लागलो. मावशी मला कामाचं काही शिकवत नसे, पण चहा पाजायची. माझ्या अहवालांपेक्षा मला तिचाच अभिमान वाटायचा, आणि तो मी तिला कधी बोलून दाखवला नाही.

गेल्या थंडीत मावशी वारली. मला कळलं तेव्हा दहावंही होऊन गेलं होतं. बाजाराच्या दिवशी गेलो, तर तिच्या जागेवर लेक बसलेला. उरलेला माल संपवून दुकान उठवायचं म्हणत होता. तेवढ्यात दमूबेन टोपली घेऊन आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. ती तिथेच बसली आणि पदर तोंडाला लावून खूप वेळ रडली.

मग तिने टोपलीतून एक बोंबील काढून आमच्यापुढे ठेवला.

लेक माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमीच बघा सायेब. तुमी शिकलेले."

मी पंजा ताणला. अंगठा शेपटीला, करंगळी बरोबर डोक्याला. "भरला!" मी म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी समुद्रासाठी काहीतरी केलं होतं.

दमूबेनने डोळे पुसले आणि माझ्या पंजाकडे पाहिलं. "तमारो हाथ नानो छे," ती म्हणाली. हात लहान आहे तुमचा. आणि तिने आपलाच बोंबील उचलून परत टोपलीत टाकला.

लेकाने टोपली जवळ ओढली, दुसरा बोंबील घेतला आणि त्याच्यावर आपला पंजा पसरला. पंजा आईवर गेला होता.

उजेड अडू नये म्हणून मी बाजूला सरकलो.