निंबाचा पहिला घाव

माणिकबाईला कापसाची शिसारी आली होती. त्या सालांत वलगावात हे तोंडातून काढायची सोय नव्हती. सातासमुद्रापार कुठं गोऱ्यांची आपसात जुंपली होती म्हणे, आणि इकडं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मग काय, अख्खं गाव मातलं. तिच्या घरात भाकरीत रुई, वरणात रुई, पाणी प्यायला तांब्या उचलावा तर त्यातही तरंगतेय रुई. आणि नवरा पंजाबराव! त्यानं बंडीच्या चाकांना चांदीची धाव बसवली. शेणातून चालते ती बंडी, बाप्पा, शेणातून! घरी आली की चाकं धुवायची कोणी? माणिकबाईनं.

अंगणात एक कडूनिंब होता. ती लग्न होऊन आली तेव्हा न्हाणीच्या दगडापाशी वीतभर रोप उगवलं होतं. शेळ्या तोंड घालत, म्हणून तिनं भोवती काट्यांची वई केली. उन्हाळ्यात भांडी विसळलेलं पाणी त्याच्या बुडाशी ओतलं. बुंध्याला उधई लागली तेव्हा सगळी माती खरवडून चुना नि गेरू फासला. पुढं लेक शकुनला देवी आल्या. माणिकबाईनं याच निंबाच्या पाल्यावर तिला निजवलं, याच डहाळीनं वारा घातला. पोर जगली, आज रिद्धपुरात सुखानं नांदते. तेव्हापासून दर मंगळवारी निंबाला तांब्याभर पाणी नि कुंकू चुकलं नाही. पंजाबराव मात्र पाहुण्यांना बुंध्यावर थाप मारून सांगायचा, "हा माहा निंब!" सांगो बापडा, ती म्हणायची.

कापूस घरात मावेना तेव्हा त्यानं अंगणात गंजी लावली, नेमकी निंबाखाली. मग वाळला पाला पडायचा तो पडला, साळुंक्यांनी शिटायचं ते शिटलं. अमरावतीच्या दलालानं मूठभर कापूस नाकाशी नेला नि तोंड वाकडं केलं, "हा काडीकचऱ्याचा कवडी कापूस कोण घेईन?" पंजाबरावाच्या जिव्हारी लागलं ते. गंजी चार हात सरकवावी, इतकी अक्कल नाही. घरी येऊन फर्मान सोडलं, निंब तोडायचा.

गावातला एकही कुऱ्हाडवाला तयार होईना. देवीचं झाड, कोण हात लावतो! शेवटी त्यानं अकोल्याहून झिंगुजीला बोलावलं. आगगाडीच्या रस्त्यासाठी झाडं पाडणारा माणूस, सोबत कुऱ्हाड, करवत नि दोन गडी. झिंगुजीनं निंबाला एक फेरी मारली.

"मालक, गंजीवरच्या फांद्या छाटून देतो. बुंधा ठेवा."

"मुळापासून काढ! पैसे मोजून राहिलो मी, फुकट नाई."

"मंग आमचा रिवाज आयका. ज्यानं झाडाले पाणी घातलं, त्यानं हात जोडून देवीले नाव सांगायचं अन् पह्यला घाव घालायचा. दोष त्याच्या माथी. आमी निस्ते हत्यार."

पंजाबरावाची थाप मारायची सवय तिथंच सुटली. दोन पावलं मागं सरून तो म्हणाला, "पाणी? पाणी तं हिनं घातलं. मी कायले घालू? हे झाड हिचंच हाये."

माणिकबाई परात उचलून आत गेली. तो तिच्या मागोमाग चुलीपाशी आला नि हळूच म्हणाला, "घाल ना वं एक घाव. काय होते? बायकायचं देवी मनावर घेत नाई. अन् तुले काही झालंच तं अमरावतीहून वैद आणीन ना मी. पैसा काय कमी हाये?"

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मिशीत रुई अडकलेली, ओठाच्या कोपऱ्यात पानाचा लाल थेंब. या तोंडाला आपण जन्मभर ऊन ऊन भाकरी वाढली, असं तिच्या मनात आलं नि तिला किळस आली. शी! देवीच्या पुढ्यात बायकोला ढकलतो नि वर वैद्याची लालूच दाखवतो. पण ती एवढंच बोलली, "आंघोळ करून येते."

बातमी लागली तसं आळीतलं सगळं जमलं. माणिकबाईनं निंबाला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, हात जोडले. लग्नातला उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव तिच्या ओठांवर कधी आलं नव्हतं. कोणत्याच बाईच्या येत नाही. आता ती खणखणीत आवाजात बोलली.

"आई, पाणी मी घातलं, मरेपर्यंत घालीन. तोडून राहिला तो पंजाबराव. किसनाजीचा लेक पंजाबराव, वलगावचा. नाव ध्यानात ठेवजो!"

कोणी तरी "अगं बाई" म्हणालं. तिनं कुऱ्हाड नेऊन नवऱ्याच्या पायाशी ठेवली. पंजाबरावाचं तोंड कापसासारखं पांढरं पडलं. कुऱ्हाडीकडं बघायलाही तो तयार नव्हता. झिंगुजी बाजूला बसून चिलीम भरू लागला.

"छाटा बाप्पा, निस्ता छाटा!" पंजाबराव कसाबसा हसला. "म्या तं मजाक केली."

फांद्या छाटल्या, छाटल्या जागी शेणकाला लावला. बायकांनी माणिकबाईची पाठ थोपटली. तिला काही बरं वाटलं नाही. रात्री ती जेवली नाही.

पुढच्या चैतात गावात देवी आल्या, आणि पंजाबरावाचं अंग फुटून निघालं. माणिकबाईनं छाटल्या जागी फुटलेली कोवळी पालवी तोडली, अंथरली, त्याला त्या पाल्यावर निजवलं. पू पुसला, वारा घातला. तो तिचा हात धरून रडायचा, "देवीले सांग ना वं, माह्यं नाव मागं घे." ती उठायची, निंबापाशी जायची, हात जोडून सांगून यायची. रोज.

शेजारची पार्बताबाई एकदा दारापर्यंत आली. आतला वास येताच तिनं पदर नाकाला लावला.

"किळस नाई येत का वं तुले?"

"या फोडायची? नाई वं," माणिकबाई म्हणाली. "फोडं तं वाळून पडून जातीन."

मग ती त्याच्या अंगाखालचा पाला बदलायला आत गेली.