पंचअण्णांचा संशय

कुणी गेल्याचं कळलं की लोक विचारत, "काय झालं होतं?" पंचअण्णा विचारत, "वय काय?" आणि डोळे बारीक करून उत्तर ऐकत. मारहाणीत कुणी मेलं की पोलीस पंचनाम्याला आमच्या भागातून त्यांनाच बोलावत, म्हणून हे नाव. पन्नासच्या दशकात लग्न होऊन मी कुंभकोणमच्या जुन्या मराठी वस्तीत, त्यांच्या समोरच्या घरात आले, तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती.

"माणूस कोणत्या वयांत मारिला जातो तें पाहावें, मग कोणी मारिलें तें कळतें," ते म्हणत. त्यांच्या उमेदीच्या काळात मुडदे असत ते विशी-पंचविशीतल्या पोरांचे. चोळपुरमकडे पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून कोयते निघत आणि मारणारा तिथेच उभा सापडे. आता त्यांना धास्ती होती म्हाताऱ्यांची. "तरणा चारचौघांत मरतो, म्हातारा घरांत. घरांतलें कोण्ही पाहत नाहीं गे!"

माझा मुलगा रांगू लागला तेव्हा त्याच्या हातातली सोन्याची कडी त्यांनी स्वतः साबण लावून काढली. "हें वय सोन्यापायीं जातें," म्हणाले. मला राग आला. पण त्यानंतर ओट्यावर अनोळखी माणूस टेकला की मी मुलाला उचलून आत नेऊ लागले.

शेजारच्या राधाक्का अण्णांच्याच वयाच्या, विधवा, मूलबाळ नाही. त्यांचा भाचा रामू नाचियारकोविलला समया घडवण्याच्या कामावर होता. तो आत्याकडे राहायला आला आणि घर नावावर करून दे म्हणून मागे लागला. झालं, अण्णांच्या मनात पाल चुकचुकली. रोज सकाळी ते त्यांच्या दारासमोर उभे राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारत, "राधाक्का, रात्रीं काय जेवलीस? कोणी वाढिलें?"

"रामूच वाढितो रे बाबा!" आतून उत्तर येई.

आम्ही बायकाही रामूकडे तिरक्या नजरेनं बघू लागलो. पूर्वी तो आत्याचे पाय चेपत बसे, ते त्यानं सोडलं. ताट पुढे सरकवायचा आणि लांब जाऊन उभा राहायचा.

पावसाळा संपता संपता राधाक्कांना ताप भरला. वैद्यांनी काढा दिला. रामूनं भांडं आणून अण्णांच्या पुढ्यात आदळलं. "तुम्हीच पाजा. मी पाजिलें आणि उद्यां ती गेली, तर तुम्ही पंच होऊन माझ्याच दारीं याल."

अण्णा भांडं घेऊन आत गेले. राधाक्कांनी तोंड फिरवलं. "मला मरणाचें भय नाहीं. पण माझें लेंकरूं माझ्याजवळ बसत नाहीं, तें तुझ्यापायीं. त्याला धाड."

अण्णा बाहेर आले. एवढा पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. भांडं रामूच्या हातात देत म्हणाले, "जा, तूं दे. मी पाहत नाहीं." आणि दाराकडे पाठ करून ओट्यावर बसले.

मी मात्र त्यांच्याच तालमीत तयार झालेली. राधाक्कांच्या खिडकीतून डोकावलेच. राधाक्कांनी दोन्ही हातांनी रामूचं मनगट धरलं होतं आणि त्या घोट घोट पीत होत्या. भांडं रिकामं झालं तरी मनगट सुटेना. मला रडू फुटलं.

संध्याकाळी त्या गेल्या. रामूचा हंबरडा ऐकून गल्ली धावली. कुणीतरी हळूच म्हणालं, "अण्णा, एकदां आंत पाहून घ्या."

"त्याला रडूं द्या," अण्णा म्हणाले आणि रस्त्याकडे तोंड करून तसेच बसून राहिले.