उमेदवाराचा निःपक्ष नवरा

माझी बायको निवडणुकीला उभी राहिली तेव्हा मी पूर्णपणे निःपक्ष राहिलो. त्यानंतर आमच्या घरात जे काही घडलं, ते माझ्या या एका सद्गुणामुळे घडलं.

निवडणूक होती कतारमध्ये, दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची. एरवी आमच्याकडे अध्यक्ष निवडून येत नाही, पकडून आणावा लागतो. सभेत 'यंदा अध्यक्ष कोण?' असं विचारलं की सगळ्यांना एकदम फोन येतात, आणि जो त्या वेळी समोसे आणायला बाहेर गेलेला असतो तो बिनविरोध निवडून येतो. (मागच्या अध्यक्षांच्या गळ्यात हार पडला तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत चटणीच्या पिशव्या होत्या.)

त्या वर्षी मात्र फुटबॉलचा वर्ल्डकप तोंडावर आला होता. निम्मं शहर खणलेलं, उरलेलं निम्मं नव्याने रंगवलेलं, आणि समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावर स्पर्धेला राहिलेले दिवस मोजणारं घड्याळ. अशात बातमी आली की सामन्यांच्या दिवसांत देशोदेशीच्या लोकांचे कार्यक्रम होणार आहेत आणि त्यात आपल्या मंडळाला बारा मिनिटं मिळणार आहेत. बारा मिनिटांत काय करायचं हे ठरवणार अध्यक्ष. झालं! ज्या खुर्चीपासून माणसं पळायची, तिला एकदम दोन उमेदवार.

पहिले उमेदवार वर्तकसाहेब. गॅस कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, मुऐदर भागात व्हिला, आवाज भारदस्त. त्यांनी बारा मिनिटांचा ऐतिहासिक नाट्यप्रवेश तयार ठेवला होता. लेखक तेच, दिग्दर्शक तेच, मुख्य भूमिकेतही तेच, आणि इतर पात्रांना संवाद नव्हते.

दुसरी उमेदवार आमची वृषाली. तिने दोन वर्षं खपून अठरा बायकांचं लेझीम पथक उभं केलं होतं. अल नस्रमधल्या आमच्या इमारतीच्या तळघरात, गाड्या परत यायच्या आधी, दुपारी चारला सराव चालायचा. इमारतीचा रखवालदार कानात कापूस घालून दर पाच मिनिटांनी विचारायचा, "मॅडम, खलास?" मॅडम म्हणायच्या, "नो खलास!" त्या बारा मिनिटांत अठरा जणी हिरव्या साड्या नेसून जगासमोर लेझीम खेळताहेत, एवढंच तिला हवं होतं. दुसरं काही नको होतं.

आणि मी मंडळाच्या 'वार्ता' या मुखपत्राचा संपादक. दर गुरुवारी संध्याकाळी ते व्हॉट्सॲपवर निघायचं. पहिल्याच दिवशी ग्रुपवर वर्तकसाहेबांचा मेसेज आला. 'संपादक हे एका उमेदवाराचे पती आहेत. वार्तांकन निःपक्ष राहील अशी आशा करू या.' खाली हात जोडलेले तीन इमोजी.

ते तीन हात माझ्या जिव्हारी लागले. मी पेशाने क्वालिटी इन्स्पेक्टर. पाइपलाइनची वेल्डिंग तपासायची, बरी असेल तर 'इन्स्पेक्टेड, ॲक्सेप्टेड', नसेल तर 'रिजेक्टेड' असं लिहायचं, खाली सही आणि तारीख. वीस वर्षांत हात इतका सरावलाय की एकदा लेकीच्या, ईराच्या, प्रगतिपुस्तकावरही मी 'ॲक्सेप्टेड' लिहून मोकळा झालो होतो. अशा माणसाच्या निःपक्षपणावर शंका?

"वृषाली," मी जाहीर केलं, "आजपासून मतदानापर्यंत मी तुझा नवरा नाही."

"बरं," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "मग चहा कोणाच्या घरी घेणार?"

मी त्याकडे दुर्लक्ष केलं. ही चूक पुढे महागात पडली.

पहिल्या अंकात मी लेझीम पथकाचा वृत्तांत दिला. शास्त्रशुद्ध. 'अठरापैकी पाच जणींचा डावा पाय उजव्याच्या वेळी पडतो. एक जण मोजताना ओठ हलवते. उमेदवाराची शिट्टी गरजेपेक्षा मोठी आहे. एकूण त्रुटी सात.' वर्तकसाहेबांच्या नाट्यप्रवेशाची तालीमही मी पाहिली होती. त्यात ते दोनदा संवाद विसरले आणि एकदा तलवार. पण हे छापलं असतं तर लोक म्हणाले असते, बायकोसाठी छापलं! म्हणून लिहिलं, 'वर्तक यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.'

"सात त्रुटी?" वृषालीने फोन माझ्या नाकासमोर धरला.

"आठ होत्या. एक मी सोडून दिली."

"आणि त्यांची तलवार?"

"ती सापडली नंतर."

त्या संध्याकाळी चहा आला नाही.

पुढच्या आठवड्यात दोन्ही उमेदवारांनी मतदारांना घरी बोलावलं. मुऐदरला वर्तकांकडे केटरर, जिलेबी, हिरवळीवर खुर्च्या. आमच्याकडे सतरंजी आणि पोहे. निःपक्ष वार्ताहर म्हणून मी दोन्हीकडे जेवलो. आणि दोन्हीकडच्या पदार्थांवर लिहिलं! जिलेबी 'कुरकुरीत' होती. पोह्यांबद्दल लिहिताना मात्र मी अडलो. नवऱ्याचं मत छापणं बरोबर नव्हे, त्रयस्थ माणूस हवा. घरात त्या वेळी लातूरहून आलेली माझी आई होती. तिला विचारलं.

"पोहे व्हय? लई कोरडे झालते," आई म्हणाली. "पन नाव नको छापूस बरं का माजं."

मी पत्रकारितेचा धर्म पाळला. अंकात छापून आलं, 'उमेदवाराच्या सासूबाईंनी नाव न छापण्याच्या अटीवर सांगितले की पोहे कोरडे होते.'

अंक साडेसहाला निघाला. सहा पस्तीसला स्वयंपाकघरात भांडं आदळलं.

"आई, तुम्ही म्हणालात असं?"

"मी कुटं? माजं नाव हाय का त्यात? दाखव बरं!"

"मला सासूबाई किती आहेत, आई?"

आईने थोडा विचार केला आणि मग सगळा राग माझ्यावर काढला. "कामून छापलास रं सुध्या? घरातलं बोलनं कुनी पेपरात देतंय का? एवढा शिकून असला कसा निघालास तू?"

वृषालीच्या ताटात दोन पोळ्या होत्या, आईच्या ताटात दोन. माझ्या ताटात कालचे पोहे. ते आता खरंच कोरडे होते, पण हे मी छापलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी जनमत चाचणी घेतली. दोहाभर फोन करायला वेळ नव्हता, म्हणून घरातच घेतली. मी स्वतः मत दिलं नाही. आई म्हणाली, वर्तकांनी तिला गुडघ्याचा पट्टा आणून दिलाय, तेव्हा ती त्यांना नाही म्हणू शकत नाही. वृषालीने अर्थातच स्वतःला दिलं. ईराने तर फॉर्मच भरला नाही.

"बाबा, धिस इज सो बायस्ड," ती म्हणाली.

"कोणाच्या बाजूने?"

"अगेन्स्ट आई! ऑलवेज अगेन्स्ट आई!"

मी मथळा दिला, 'काट्याची टक्कर! उमेदवाराच्या स्वतःच्या घरातही एकमत नाही.'

गंमत म्हणजे वर्तकसाहेबांचं समाधान होईना. त्यांना वाटायला लागलं की यात काहीतरी डाव आहे. त्यांचा फोन आला. "सुधाकरराव, स्पष्ट सांगा, तुमचं काय चाललंय? माझ्या बाजूने इतकं कोणी लिहीत नाही. माझी बायकोसुद्धा नाही!"

"साहेब, मी फक्त निःपक्ष आहे."

"मला भीती वाटते हो तुमची," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मतदानाच्या आदल्या शुक्रवारी सकाळी दोन्ही उमेदवारांची जाहीर चर्चा ठेवली होती. निवडणूक अधिकारी होत्या वसईच्या फिलोमिनाताई, एका रुग्णालयात मुख्य परिचारिका. त्यांच्यासमोर खोकायचं असलं तरी लोक हात वर करतात. प्रश्न मी विचारायचे, वेळ मी मोजायची, प्रत्येकी तीन मिनिटं.

वर्तकसाहेब अकरा मिनिटं बोलले. त्यांना थांबवलं असतं तर लोक म्हणाले असते, बायकोसाठी थांबवलं! मग वृषाली उठली. तिला मी निर्भीड प्रश्न विचारला, "उमेदवाराने गेल्या महिन्यात गाडीची चावी हरवली होती. अशा व्यक्तीच्या हाती मंडळाच्या चाव्या द्याव्यात का?"

"ती चावी प्रश्न विचारणाऱ्यांच्या खिशात सापडली," वृषाली म्हणाली. सभागृह दोन मिनिटं हसत होतं. ती दोन मिनिटं मी तिच्या वेळेतून कापली.

मग ती लेझीमबद्दल बोलायला लागली. कागद न घेता. म्हणाली, "आमच्यातल्या निम्म्या जणी इथं नवऱ्याच्या व्हिसावर आल्या. नोकरी तिकडेच सुटली. आठवडाभर त्यांना नावाने हाक मारणारं कोणी नसतं, सगळीकडे नुसतं मॅडम. त्या तळघरात आम्ही एकमेकींना नावाने..."

मी घंटा वाजवली. तीन मिनिटं झाली होती.

ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. घरी आल्यावर तिने कपाटातून अठरा हिरव्या साड्यांचा गठ्ठा काढला, एकेकीवर नावाची चिठ्ठी होती, ती नीट आहे का बघितलं आणि गठ्ठा परत ठेवून दिला. मी दारात उभा होतो. मला वाईट वाटलं. सतरा वर्षं ही बाई माझ्याबरोबर राहतेय आणि तिला या मुलखात घराबाहेर नावाने हाक मारणारं कोणी नसायचं, हे मला घंटा हातात असताना कळलं.

मी तडक 'वार्ता'चा विशेष अंक लिहायला बसलो. त्या पाच जणींचा डावा पाय आता बरोबर पडतो, शिट्टी मोठी आहे कारण तळघर मोठं आहे, पोहे कोरडे नव्हते, सगळं लिहिलं. फिलोमिनाताईंना दाखवायला पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. 'मतदानाआधी दोन दिवस प्रचाराचे काहीही छापू नये. नियम क्रमांक चार. नियम तुम्हीच केलाय.'

मी केला होता. निःपक्षपणाच्या भरात!

मतदान रविवारी संध्याकाळी, ऑफिसं सुटल्यावर (इथं सुट्टी शुक्रवार-शनिवारची). रस्ता नेहमीप्रमाणे वळवलेला होता, त्यामुळे दोन्ही पक्षांचे मतदार सारख्याच उशिरा आले. एवढा एकच निःपक्षपातीपणा त्या निवडणुकीत कोणाला खटकला नाही. चिठ्ठीवर दोन नावं, हव्या त्या नावापुढे फुली मारायची. पडद्यामागे गेल्यावर मी दीर्घ श्वास घेतला आणि महिन्यात पहिल्यांदा पक्षपात केला. फार बरं वाटलं.

मोजणीला फिलोमिनाताई एकेक चिठ्ठी उघडून वाचत होत्या. "वृषाली. वृषाली. वर्तक. वृषाली. वृषाली..." मी खुर्ची घट्ट धरून बसलो होतो. मध्येच त्या थांबल्या. चष्मा वर केला. "हे मत बाद."

"का?" वर्तकसाहेब उभे राहिले.

"फुली बरोबर आहे, वृषालीच्या नावापुढे. पण खाली लिहिलंय," त्यांनी चिठ्ठी लांब धरली, "इन्स्पेक्टेड, ॲक्सेप्टेड. सही. आजची तारीख."

सभागृहात माना उंचावल्या. मग सगळे एकदम माझ्याकडे वळले. मी टेबलावरच्या फुलदाणीचं निरीक्षण करू लागलो.

"सतरा वर्षांत," वृषाली पहिल्या रांगेतून मोठ्याने म्हणाली, "पहिल्यांदाच ॲक्सेप्टेड!" आणि मग ती हसली. ईरा टाळ्या वाजवायला लागली. आईने डोळ्याला पदर लावला आणि शेजारच्या बाईंना सांगितलं, "पोहे काय तेवढे कोरडे नव्हते बरं का."

वृषाली प्रचंड मतांनी निवडून आली. लेझीम खेळलं जाणार होतं, पूर्ण बारा मिनिटं. वर्तकसाहेब हार घालायला आले, तिचं अभिनंदन केलं आणि मग मला बाजूला घेतलं.

"सुधाकरराव, एक सांगू? मीसुद्धा वहिनींनाच मत दिलं."

"तुम्ही? माझं लिखाण वाचून?"

"हो ना! सगळ्यांनीच ते वाचून दिलं. आमचं म्हणणं पडलं, जी बाई तुमच्यासारख्या माणसाबरोबर सतरा वर्षं संसार करते, तिला मंडळ म्हणजे काय हो? किरकोळ!"

नव्या अध्यक्षांनी खुर्चीवर बसल्या बसल्या पहिला ठराव मांडला. 'वार्ता'चा संपादक बदलावा, नवे संपादक श्री. वर्तक. आईसकट सगळ्यांनी हात वर केले. विरोधात एकही मत पडलं नाही.

मी तटस्थ राहिलो.