निळं म्हणजे उदास?

सीताबर्डीहून मेट्रोत बसले. हातात शिकवणीचा कागद होता: रंगांवरचे इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचे मराठी अर्थ. शेजारच्या निळ्या साडीतल्या बाईंनी मांडीवरचा डबा सावरत माझ्या कागदात डोकावून पाहिलं आणि 'फीलिंग ब्लू'वर बोटच आपटलं.

"ताई, निळं म्हणजे उदास? काहून?"

"इंग्रजीत तसंच म्हणतात."

"म्हणत असतीन! त्यायचं आभाळ रडकं असन. दीक्षाभूमीवर निळे झेंडे दिसले की माझी म्हातारी माय नाचते. तिले सांगता का उदास?"

तणतणतच त्या पुढच्या स्टेशनवर उतरल्या.

संताप मलाही आला, पण त्यांचा नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांच्या घरांवर तोच झेंडा आहे. तरी एकानंही कधी विचारलं नाही. सगळे मुकाट्यानं लिहून घेतात: निळं म्हणजे उदास.